उशिरा पोचलेला होकार

मित्रांनो, मी एक जुनी मेमरी चिप आहे. नखाएवढी, काळी, दिसायला अगदी साधी. काळाचौकीच्या एका चाळीत गुणाजी परब राहतात, त्यांच्या बोलक्या डबीत माझं घर आहे. त्यांचा आवाज माझ्यापाशी जपलेला आहे. हे खरं तर अभिमानाने सांगायला हवं. पण माझ्यामुळे या घरात जे घडलं ते आठवलं की मला फार अपराधी वाटतं.

गुणाजी मंडळाच्या मैदानावर कबड्डीच्या सामन्यांचं निवेदन करायचे. पुढे घशाच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. शस्त्रक्रियेच्या आधी त्यांची भाची सीमा माइक घेऊन त्यांच्यासमोर बसली. माझ्यासारख्या चिपांकडून काम करवून घेणारे प्रोग्रॅम ती लिहिते.

"मामा, रोज जे जे बोलता ते सगळं बोलून ठेवा," ती म्हणाली.

त्यांनी "हो", "नको"पासून पंचांशी भांडायच्या वाक्यांपर्यंत सगळं बोलून ठेवलं. डबीच्या पडद्यावरच्या शब्दावर किंवा वाक्यावर त्यांनी बोट टेकवायचं आणि मी तो आवाज काढून द्यायचा. सुरुवातीला मी इतकी चटकन द्यायचे की मध्ये डबी आहे हे शेजारी विसरून जायचे. सगळे माझं कौतुक करत.

वर्षं गेली. डबी शेगडीवरच्या फळीवर असायची. वयाने आणि त्या उष्णतेने माझ्यात साठवलेला विद्युतभार झिरपू लागला, शब्द पुसट झाले. प्रत्येक शब्दासोबत माझ्यात काही जादा खुणा ठेवलेल्या असतात. त्यांच्या आधाराने चुका दुरुस्त होतात आणि मगच आवाज बाहेर जातो. चुका थोड्या असल्या तर हे क्षणात होतं. माझ्या चुका वाढल्या होत्या. मग पुन्हा वाचायचं, विद्युतदाबाच्या जरा वेगळ्या पातळीवर वाचायचं, पुन्हा हिशेब करायचा. आवाज बरोबर निघायचा, पण उशिरा. गुणाजींना वाटायचं, आपलंच बोट नीट टेकत नसेल.

त्यांची मुलगी आकांक्षा फिजिओथेरपिस्ट आहे. तिला हरियाणातल्या एका महिला कबड्डी केंद्रात नोकरी मिळाली. आई हयात नाही, बाबा एकटे पडणार. त्यांच्याकडे बघून विचारायचा तिला धीर होईना. मोरीत भांडी घासताना ती पाठमोरीच म्हणाली, "बाबा, मी जाऊ ना?"

तिचं वाक्य संपतं न संपतं तोच गुणाजींनी बोट टेकवलं. मी वाचलं, चुकलं. पुन्हा वाचलं, पुन्हा चुकलं. नळ वाहत राहिला. भांडं घासणारा तिचा हात थांबला.

"खुशाल जा गो. माझी काळजी करू नको," अखेर मी आवाज दिला.

तिला मात्र त्याआधीची शांतताच ऐकू आली. बाबांना मन घट्ट करावं लागलं, असं तिने धरलं. दुसऱ्या दिवशी तिने नकार कळवला आणि घरी सांगितलं, "त्यांनी दुसरं कुणीतरी घेतलं." गुणाजींना ते खरं वाटलं. काय झालंय ते मला ठाऊक होतं, पण माझ्यापाशी शब्द होते ते फक्त त्यांचे.

पुढच्या वर्षी बंगळूरहून सीमा आली. जेवताना गुणाजींनी तिची थट्टा केली, ती थट्टा दुसराच विषय सुरू झाल्यावर ऐकू आली. सीमाने घास खाली ठेवला.

"मामा, ही डबी कधीपासून अशी अडखळते?"

"डबी नाही गं, बाबाच हल्ली विचार करून बोलतात," आकांक्षा म्हणाली.

"विचार कसला? त्यांनी बोट केव्हाच टेकवलं होतं. मी बघितलं ना."

आकांक्षाचा चेहरा उतरला. "बाबा, मी हरियाणाचं विचारलं तेव्हा तुम्ही लगेच दाबलं होतं?"

गुणाजींनी "हो"वर बोट ठेवलं. मला तेव्हाही वेळ लागलाच. पण या वेळी ती त्यांच्या बोटाकडे बघत होती. आवाज निघायच्या आधीच तिचे डोळे भरून आले.

"त्यांनी नाही, बाबा. मीच नकार दिला."

गुणाजी कितीतरी वेळ पडद्यावर शब्द शोधत राहिले. असा प्रसंग येईल म्हणून त्यांनी काही बोलूनच ठेवलं नव्हतं. शेवटी त्यांनी तिचा हात धरला.

"मी प्रोग्रॅम नवी चिप धरून लिहिला," सीमा हळूच म्हणाली. "ती जुनी होईल हे माझ्या मनातच आलं नाही."

तिने तो बदलला. पूर्वी मी प्रत्येक शब्द पहिल्यापासून चाचपडत वाचायचे. आता मागचा शब्द ज्या पातळीवर नीट वाचता आला, तिथूनच पुढचा वाचायचा. आधी सोपी दुरुस्ती, ती पुरली नाही तरच अवघड. पुसट शब्द तिने माझ्यात नव्याने लिहिले आणि डबी शेगडीपासून दूर ठेवली.

आकांक्षाने केंद्राला फोन केला. ती जागा भरली होती. हिवाळी शिबिरापुरतं मात्र त्यांनी तिला बोलावलं आणि ती गेली. हुकलेली नोकरी मी तिला परत देऊ शकत नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. परवा ती एका खेळाडूच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल सांगत होती, तेवढ्यात गुणाजींनी मध्येच विचारलं, "थंडी आहे काय गो तिकडे?"

"बाबा, मला बोलू तरी द्या," ती हसत म्हणाली.

मित्रांनो, जुन्या यंत्राला उष्णतेपासून जपा, अधूनमधून तपासून घ्या. आणि घरातल्या कुणाचं उत्तर यायला उशीर झाला, तर त्याचा अर्थ लावण्याआधी वळून त्यांच्याकडे बघा.