चालू गाडीची अट

हेडबाई शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचं हेडबाईपण काही निवृत्त झालं नव्हतं. जिन्यात त्यांची चाहूल लागली की मोठमोठी माणसं खिशातले हात बाहेर काढायची. सोसायटीनं त्यांना अध्यक्ष केलं तेही त्याच भरवशावर. गॅरेजचा घोळ निस्तरायला दुसरं कुणी पुढे येतच नव्हतं.

घोळ जुनाच होता. बिल्डिंगमध्ये घरं चौदा आणि शटरवाली गॅरेजं पाच. सोसायटी ती सभासदांना भाड्यानं द्यायची, पण ज्याला एकदा मिळालं तो बूड हलवायला तयार नसे. एका गॅरेजमध्ये जुने सोफे होते, दुसऱ्यात कुणाच्या तरी मोडलेल्या संसाराचं फर्निचर, आणि चालत्या गाड्या मात्र बाहेर उन्हात रंग उडवत उभ्या. दर मीटिंगला त्यावरून हमरीतुमरी व्हायची.

बाईंनी एका दुपारी बसून नियम लिहिले. गॅरेज फक्त चालू गाडीला. एका घराला एकच. मोकळ्या झालेल्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटायच्या. बंद गाडी आवारात ठेवायची नाही. आणि अपवाद कुणालाच नाही. हे शेवटचं वाक्य लिहिताना त्यांचा पेन अडखळला होता.

कारण बाईंच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून, घड्याळवाले राहायचे. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आता मुलगी चालवायची. त्यांची बायको म्हणजे बाईंची जिवाभावाची मैत्रीण. हल्ली मात्र तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" म्हणून ती स्वतःच्याच घरात कासावीस व्हायची. मग घड्याळवाले तिला खाली गॅरेजमध्ये न्यायचे, गाडीत बसवायचे आणि स्वतः स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे. गाडी कित्येक वर्षांत चालू झाली नव्हती. पण समोरच्या भिंतीकडे बघत ती शांत व्हायची, मध्येच "आलंच ना आता?" विचारायची आणि थोड्या वेळानं हसतमुखानं वर यायची.

घड्याळवाल्यांनी हे एकट्या बाईंना सांगितलं होतं. "कुणापाशी बोलू नका बाई. लोक तिला वेडी ठरवतील." बाईंनी शब्द पाळला.

नियम लिहिले त्या दुपारी बाईंना मैत्रीण आठवली नाही असं नाही. एक ओळ पुरली असती, की खरी अडचण असेल तर समितीनं विचार करावा. पण दोघींची मैत्री अख्ख्या बिल्डिंगला माहीत. उद्या लोक म्हणणार, हेडबाईंनी मैत्रिणीसाठी पळवाट ठेवली. ज्या बाईनं उशिरा आला म्हणून पोटच्या पोराला वर्गाबाहेर उभं केलं, तिला हे ऐकून घ्यायचं नव्हतं. शिवाय आणखी एक विचार डोकावून गेला होता. तोच पोरगा आता मोठा होऊन नवी गाडी घेऊन बसला होता आणि गॅरेजसाठी ताटकळत होता. हा विचार आला आणि मनात ठाण मांडून बसला. बाईंनी त्याला हुसकावलं नाही. नियम तेवढा लिहून टाकला.

मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. "कुणाची हरकत?" बाईंनी विचारलं. घड्याळवाले खुर्चीतून अर्धवट उठले आणि त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसायला लागल्या. चष्मा स्वच्छच होता. घड्याळवाले खाली बसले.

चिठ्ठ्या उचलल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, ज्यांचं आणि हेडबाईंचं कधीच पटलं नव्हतं. म्हणजे बोट दाखवायला जागाच नाही. घड्याळवाल्यांचं गॅरेज बाईंच्या मुलाला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्याभरात भंगारवाल्याचा टेम्पो येऊन ती गाडी ओढून घेऊन गेला. त्या संध्याकाळपासून भिंतीपलीकडून आवाज यायला लागले. मैत्रीण आतून दार बडवायची. "उशीर होतोय हो, सोडा मला!" बाईंनी टीव्ही मोठा केला. मग स्वतःचीच लाज वाटून बंद केला. शेवटी त्या उठल्या आणि शेजारची बेल वाजवली.

"भाऊजी, मी नियम बदलून घेते. पुढच्या मीटिंगला मांडते," त्या दारातच म्हणाल्या.

घड्याळवाल्यांच्या मनगटावर ओरखडे होते. "नियम बरोबर आहे बाई," ते म्हणाले. "हिचं हे असं नसतं तर मीही हात वर केला असता. आणि आता बदलून काय करता? गाडी कुठाय?"

"माझं चुकलं."

"तुम्हाला माहीत होतं. लिहायच्या आधी एकदा नुसतं दार वाजवलं असतंत, तर मी गाडी दुरुस्तीला टाकली असती. गाडी चालू झाली असती, तुमचा नियमही राहिला असता."

सगळ्यांना सारखं वागवायचं म्हणून त्यांनी मैत्रिणीला परक्याहून परकं केलं होतं. वाटेतल्या अनोळखी माणसालाही त्यांनी सावध केलं असतं.

त्या घरी आल्या आणि मुलाकडे गाडीची किल्ली मागितली. "आई, आत्ताच धुतलीय गं," तो कुरकुरला. बाईंनी नुसता हात पुढे धरला. पाचव्या मिनिटाला त्या मैत्रिणीचा हात धरून जिना उतरत होत्या आणि मागून घड्याळवाले येत होते. ते शटरपाशीच थांबले.

बाईंनी मैत्रिणीला शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर हात ठेवले. मैत्रिणीनं नव्या सीटवरून हात फिरवला, काच चाचपली. तिची धडपड हळूहळू थांबली. मग तिनं बाईंकडे कौतुकानं पाहिलं.

"टॅक्सी तुमचीच का हो?"

"हो," बाई कशाबशा म्हणाल्या.

"छान आहे. पण आमची घरची गाडी आहे बरं का, गॅरेजमध्ये. आज हे कुठे घेऊन गेलेत कोण जाणे." तिनं आवाज खाली आणला. "गॅरेज काढून घेणार म्हणत होते कुणीतरी. हे उगाच घाबरतात. मी म्हटलं यांना, माझी मैत्रीण आहे ना तिथे. ती असताना कोण काढून घेतंय!"

बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. समोर भिंत होती.

"चला ना," मैत्रीण म्हणाली. "थांबलात का?"