पिंपात बुडणारा डाव

मित्रांनो, मी एक जुना, लांब दांड्याचा डाव आहे. माझ्या पांढऱ्या वाटीचा टवका उडालाय, पण मी अजून गळत नाही. कारखान्यातले माझे भाऊबंद स्वयंपाकघरांत गेले. मी मात्र एका बाईंच्या पिशवीत पडलो आणि पहिल्याच दिवशी डबक्यात बुडालो. माझे काय चुकले होते, ते मला आजतागायत उमगलेले नाही.

बाई पर्यावरण-आरोग्य निरीक्षक आहेत. माणसे आजारी पडण्याआधीच आजाराचे मूळ शोधायचे, हे त्यांचे काम. त्यांच्या ऑफिसात कुणी हवा तपासते, कुणी गोंगाट मोजते, कुणी नळाचे पाणी बघते. बाई माझ्या वाटीत डासांच्या अळ्या शोधतात. सापडल्या की मलाच म्हणतात, "शाब्बास!" घाण सापडली म्हणून कौतुक? मी पार चक्रावून जातो.

एकदा बाईंना शाळेत बोलावले. मोठ्या वर्गातल्या मुलांना या कामाची ओळख करून द्यायची होती. दारातच त्यांची भाची आडवी आली.

"आत्या, तू माझी आत्या आहेस हे वर्गात सांगू नकोस हं. सगळे मला गटारवाली म्हणून चिडवतील."

"बरं बाई, नाही सांगत," बाई हसल्या. पण माझ्या दांड्यावरची त्यांची मूठ घट्ट आवळली गेली. मला फार वाईट वाटले.

वर्गात मला वर धरताच हशा पिकला. "काय वाढणार, मॅडम?" मागून कुणीतरी विचारले. भाचीने मान खाली घातली.

"तुमच्या शाळेत अळ्या कुठे सापडतील?" बाईंनी विचारले.

"मागच्या गटारात!" सगळा वर्ग ओरडला. मलाही तसेच वाटले. वरात गटारावर गेली. पाणी वाहते होते, वाटीत काहीच आले नाही. मग बाई हात धुण्याच्या उघड्या पिंपाकडे वळल्या. पाणी अगदी नितळ. चला, आज आंघोळ झाली, म्हणून मी खुशीत बुडालो. वर येतो तर वाटीत अळ्या वळवळत होत्या! स्वच्छ पाण्यात? माझे डोकेच चालेना.

"तापाचे काही डास अशाच साठवलेल्या पाण्यात अंडी घालतात," बाई म्हणाल्या.

हसणे थांबले. भाची पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"माझ्या बाकावरची मैत्रीण तापाने दवाखान्यात आहे. आत्या, तिला इथलाच डास चावला असेल?"

"आत्या?" कुणीतरी पुटपुटले. भाचीने तिकडे पाहिलेही नाही.

"ते असं लगेच नाही सांगता येत गं. सगळीकडे शोधावं लागेल."

"मग दे तो डाव. मी शोधते."

आणि ती मला घेऊन कुंड्यांकडे धावली, तिच्यामागे अख्खा वर्ग.

मित्रांनो, पिंपांवर झाकण ठेवा, साठलेले पाणी आठवड्याला उपसा, एवढीच माझी विनवणी. आणि एक सांगाल? बाई एकट्याच पिंपापाशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. एवढ्याशा अळ्यांसाठी कुणी रडते का?