आगगाडीच्या पाकिटातलं गाणं

रेकॉर्डचं पाकीट रिकामं होतं. काकांनी ते उलटं करून झटकलं, आत हात घालून पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसले.

बाहेर गायिका बसली होती, शेजारी तिची सहा वर्षांची मुलगी. संपातल्या बायका कारखान्यांच्या दारात जिचं गाणं म्हणायच्या, तीच ही. त्या गाण्यापायी तुरुंगात गेली आणि तिथल्या आजारपणात गळा बसला तो बसलाच. आता सरकार पडलं होतं, बंदी उठली होती. तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं होतं, "एखादी तरी रेकॉर्ड उरलीय का हो? मला नेलं तेव्हा पोर तान्ही होती. तिनं मला गाताना ऐकलेलंच नाही."

"आहे ना," असं काका छातीठोकपणे बोलून बसले होते.

रेडिओ केंद्रातल्या रेकॉर्ड सांभाळणं हे काकांचं काम. बंदीचा हुकूम आला की ती रेकॉर्ड साहेबांसमोर खिळ्यानं ओरबाडायची आणि वहीत सही करायची. काका जन्माचे भित्रे, साहेब खाकरले तरी उठून उभे राहणारे. पण या गाण्यावर बंदी आली तेव्हा, ओरबाडायच्या आदल्या दिवशी त्यांनी ते एकदा ऐकलं आणि मन धजेना. मग एका झिजलेल्या कवायतीच्या रेकॉर्डवर त्यांनी या गाण्याचं लेबल चिकटवलं, तीच साहेबांसमोर ओरबाडली आणि खरी रेकॉर्ड आगगाडीच्या आवाजाच्या पाकिटात सरकवली. त्यानंतर पाच वर्षं त्या कपाटाकडे त्यांनी भीतीनं पाहिलंसुद्धा नाही.

"काय शोधताय?" दारात नाटक विभागातल्या बाई उभ्या होत्या. बाईंच्या जिभेला हाड नव्हतं.

"आगगाडी," काका पुटपुटले.

बाईंनी दार लोटून घेतलं. "काय अकलेचे दिवे पाजळलेत! लपवायला आगगाडीच सापडली? अहो, माझ्या प्रत्येक नाटकात कुणीतरी गाडीनं येतं, नाहीतर जातं. दुसऱ्याच आठवड्यात मी ती लावली, तर शिट्टीऐवजी ही बाई गायला लागली. नशीब, खोलीत मी एकटीच होते."

काका स्टुलावरून उठले. "मग?"

"मग काय, हत्तीच्या पाकिटात घातली. पाच वर्षांत एका तरी नाटकात हत्ती आलाय का?"

"मला सांगायचं तरी."

"तुम्हाला? साहेबांनी नुसतं 'बरे आहात ना' विचारलं असतं, तरी तुम्ही सगळं ओकला असता."

खोटं काय होतं त्यात? काकांना हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मोकळा श्वास घेता आला.

रेकॉर्ड लागली. तरुण, खणखणीत आवाजानं खोली भरून गेली. गायिका मान खाली घालून ऐकत होती.

"कोण म्हणतंय?" मुलीनं विचारलं.

आईनं मान वर करून काकांकडे पाहिलं.

"तुझी आई," काका म्हणाले.

मुलीनं आईकडे नीट पाहिलं. मग हळूच तिच्या गळ्यावर हात ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही.