चोपन्न किलो

योग्य कर्म करणे अवघड असतेच. परंतु त्या कर्मावर अन्यायाची छाया पडलेली असते, तेव्हा ते करण्यासाठी माणसाला स्वतःच्या नावलौकिकाचा मोहही सोडावा लागतो. धनाचा मोह सुटलेल्यांनाही हा सहसा सुटत नाही.

गोपाळकृष्ण पागनीस यांना सारे नाना म्हणत. त्यांचे पूर्वज सरदारांच्या पागेत कारकून होते. नाना स्वतः शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. गेली बावीस वर्षे नानाखेडा वस्तीपलीकडच्या घोडदौडीच्या मैदानावर ते एक काम विनावेतन करीत आले होते. शर्यतीत कोणत्या घोड्याने स्वारासह किती वजन वाहायचे, हे ते ठरवीत. समर्थ घोड्याच्या खोगिरात शिशाच्या पट्ट्या अधिक, दुबळ्याच्या कमी. हेतू एवढाच की जिंकण्याची संधी सर्वांना सारखी मिळावी. सगळे घोडे एकाच क्षणी रेषा ओलांडतील अशी यादी एकदा तरी आपल्या हातून व्हावी, असे त्यांना मनोमन वाटे. ती कधी झाली नव्हती. तरी यादीखाली त्यांची सही असली की टावर चौकातले अट्टल पैज लावणारेसुद्धा वाद घालीत नसत.

मैदानाचे दिवस फिरले होते. पैजेवरचा कर वाढला, माणसे मोबाईलवरच्या खेळांकडे वळली, निम्मे तबेले रिकामे झाले. जमीन सरकारची, भाडेपट्टा मार्चअखेर संपत होता, आणि येत्या सिंहस्थासाठी तेथे वाहनतळ करावा असा प्रस्ताव पुढे आला होता. भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाची फाईल ज्यांच्या शब्दावर अडली होती, त्या स्थानिक पुढाऱ्यांना लोक भैयाजी म्हणत. त्यांचा स्वतःचा घोडाही याच मैदानावर धावे. त्याचे नाव अवंतिराज.

अवंतिराजचा पुढचा पाय हिवाळ्यात दुखावला होता. मागच्या दोन्ही शर्यतींत तो सहावा आला. गुरुवारी सकाळी नानांनी त्याचा सराव पाहिला; पाऊल अजून आखूडच पडत होते. घरी येऊन त्यांनी रविवारच्या शर्यतीची यादी केली आणि त्याचे वजन छप्पन्नवरून चोपन्न किलोवर आणले.

दुपारी मैदानाचे सचिव जयंत राजोपाध्ये आले. त्यांनी चहा घेतला, नानांच्या पत्नी दुर्गाबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली, घोड्यांची निगा राखणाऱ्या चाळीस मोतद्दारांच्या चुली मैदानाच्या जिवावर पेटतात याची आठवण दिली, आणि मग मान खाली घालून म्हणाले, "नाना, अवंतिराजचं वजन दोन किलो उतरवा. भैयाजींनी रविवारचा कप जिंकला तर सोमवारी फाईल निघेल."

नानांनी यादी त्यांच्यापुढे सरकवली. जयंतरावांनी अवंतिराजपुढचा चोपन्न हा आकडा वाचला.

"मी उगीच घाबरत आलो. आप तो पहले से तैयार बैठे थे."

"सकाळीच लिहिलंय, जयंत. घोड्याचा पाय बघून लिहिलंय."

"हो हो, तसंच सांगायचं सगळ्यांना," असे म्हणून जयंतराव समाधानाने उठले.

ते गेल्यावर नानांनी यादी पुन्हा पुढे ओढली. काम सोडून द्यावे, असे क्षणभर मनात आले. पण तीन दिवसांत ते करणारा दुसरा मिळणार नव्हता. त्यांनी पेन उचलले आणि चोपन्नवर काट मारण्यासाठी टेकवले. दुर्गाबाई दारात उभ्या होत्या.

"छप्पन्न लिहिलंत तर तुमचं नाव राहील," त्या म्हणाल्या. "पण अहो, तुमचं नाव वाहायला ते मुकं जनावर कशाला?"

नानांनी पेन मिटले.

रविवारी अवंतिराज दीड घोड्याच्या लांबीने जिंकला. त्याचा पाय त्याच तीन दिवसांत मोकळा झाला होता. यापलीकडे त्या विजयात काही रहस्य नव्हते. पण कठड्यापाशी हशा पिकला. कोणीतरी म्हणाले, "क्या मास्साब, बुढ़ापे में दुकान खोल ली?" दुसऱ्याने पुस्ती जोडली की आणखी दोन किलो उतरवले असते तर घोडा थेट गावातल्या देवास गेटलाच थांबला असता.

बक्षीस घेताना भैयाजींनी नानांना व्यासपीठावर बोलावून हार घातला आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितले, "पागनीसजी का आशीर्वाद है. हम भूलेंगे नहीं."

ध्वनिक्षेपक हातभर अंतरावर होता. हा आशीर्वाद नव्हे, दुखऱ्या पायाचा हिशेब आहे, एवढे सांगणे पुरेसे होते. समोर मोतद्दार घोड्यांचे लगाम धरून उभे होते. ते हसत नव्हते. नुसते पाहत होते. उपकार झाला नाही असे कळल्यावर भैयाजी फाईल काढतील का, हे नानांना ठाऊक नव्हते. त्यांनी हात जोडले आणि ते खाली उतरले.

सोमवारी भाडेपट्टा तीन वर्षांसाठी वाढला. वाहनतळाला दुसरी जागा मिळाली.

पुढच्या यादीत, जिंकणाऱ्याचे वजन वाढवायचे या नियमाप्रमाणे, अवंतिराजचे वजन साडेसत्तावन्न झाले. लोक म्हणाले, हा देखावा. टावर चौकात नाना आले की मंडळींचे बोलणे बदलू लागले, आणि त्यांनीही खुलासा केला नाही. रोज सकाळी ते मैदानावर जात, घोड्यांची पावले पाहत, टिपून घेत.

त्या घोड्यांचे पाय निकोप राहोत. मोतद्दारांच्या चुली पेटत्या राहोत. भैयाजींना सुबुद्धी लाभो. जे हसले त्यांच्याही घरी सुख नांदो, आणि नानांना रात्री शांत झोप लागो.