वन्संच्या सात कोंबड्या

वन्संच्या कोंबड्यांशी मामींचं काडीचंही सख्य नव्हतं. चार वर्षांपूर्वी यजमान गेल्यावर वन्सं धाकट्या भावाच्या घरी राहायला आल्या, त्या दोन ट्रंका आणि एक झाकणाची टोपली घेऊन. ट्रंका मागच्या खोलीत गेल्या, टोपलीतून तीन कोंबड्या निघाल्या, आणि बघता बघता परसात सात झाल्या. मामी घरीच शिवणकाम करत. लोकांचे कोट, झगे, पडदे सगळं त्यांच्या मशीनवर यायचं. नवं कापड आणि कोंबडी एका छपराखाली नांदू नये, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

"वन्सं, तुमच्या लेकींना आवरा हो," एवढंच त्या म्हणत. वन्सं हसून टाळ्या वाजवत, कोंबड्या पांगत, आणि विषय तिथंच संपे. मामींच्या नवऱ्याची थोरली बहीण ती. तिला याहून जास्त काय बोलणार?

त्या हिवाळ्यात मात्र परसाच्या पायरीवर बर्फासारखं दव गोठलं आणि वन्संचा पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन दूरच्या मोठ्या इस्पितळात व्हायचं होतं, पुढे तिथंच महिनाभर व्यायाम. मामा बहिणीबरोबर निघाले. गाडीत आडव्या पडल्या पडल्याही वन्सं खिडकीतून सूचना देत होत्या.

"दाणे सकाळी. पाणी गोठलं तर कोमट घाल. संध्याकाळी आत घेताना मोज. सात."

"मला सातपर्यंत येतं हो मोजता," मामी म्हणाल्या.

वन्सं आणखी काहीतरी बोलणार होत्या. तोंड उघडलंही, पण मिटून घेतलं. गाडी निघाली.

पहिले आठ-दहा दिवस ठीक गेले. मामी नाकाला पदर लावून दाणे टाकत, भांड्यावरचा बर्फाचा पापुद्रा फोडून कोमट पाणी ओतत आणि पाय आपटत घरात पळत. अंडी कमी झाली, पण थंडीत ती व्हायचीच. मग मनगटांना खाज सुटली. हवा कोरडी आहे म्हणून मामींनी तेल चोळलं. खाज कोपरापर्यंत चढली. एका सकाळी लंगडी दांडीवरून खाली उतरेना. लंगडी म्हणजे वन्संच्या पहिल्या तिघींतली, सगळ्यांत म्हातारी. मामींनी नाइलाजानं तिला उचललं. हातात नुसती पिसं आल्यासारखी हलकी लागली. डोक्यावरचा तुरा धुतल्या कपड्यासारखा पांढुरका पडला होता.

तिला खाली ठेवल्यावर मामींचं लक्ष आपल्या बाहीकडे गेलं. पांढऱ्या बाहीवर मिरपूड सांडल्यासारखी दिसत होती. आणि मिरपूड चालत होती.

मामींनी किंकाळी फोडली ती थेट पलीकडच्या घरात पोचली. तिथं घड्याळवाले राहत. जन्मभर घड्याळं दुरुस्त करून तीन वर्षांपूर्वी दुकान बंद केलेले, एकटे, बोलायला जरा कंजूष. ते भिंतीवरून डोकावले.

"काय झालं?"

"बघा तरी हे काय चाललंय माझ्या अंगावर!"

ते घरात गेले आणि डोळ्याला लावायची ती छोटी नळकांडी भिंगं घेऊन आले. एका डोळ्याला भिंग अडकवून त्यांनी बाही अशी निरखली, जणू कुणाचं सोन्याचं घड्याळ बंद पडलंय.

"आठ पाय," ते म्हणाले. "पोटात रक्त आहे. कोंबडीचं असावं. थोडं तुमचंही."

"तुमचं आपलं बरं आहे हो, भिंगातून सांगताय!" मामी म्हणाल्या, पण त्यांचं अर्धं घाबरणं तिथंच उतरलं. काय आहे ते कळलं की माणसाला निदान काहीतरी सुचतं.

घड्याळवाल्यांनी चार किडे एका बाटलीत घातले. लंगडीला टोपलीत घालून दोघं पशुवैद्यांकडे गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात सराईत. त्यांनी लंगडीला उलटी धरली, शेपटीखालच्या पिसांवर फुंकर घातली आणि मामींना दाखवलं. पिसांच्या मुळाशी काळसर खरपुडी धरली होती, आणि ती सगळी जिवंत होती.

"थंडीतच ही कीड माजते," त्या म्हणाल्या. "पिसं दाट होतात, कोंबड्या एकमेकींना चिकटून बसतात, धुळीत लोळायला कोरडी जमीन मिळत नाही."

"गरम पाण्यानं धुऊन काढू का सगळ्यांना?"

"चुकूनही नको! या गारठ्यात कोंबडी ओली केलीत तर किडीच्या आधी थंडीच तिला घेऊन जाईल. ही पावडर लावा. पंखांखाली, मानेला आणि मुख्य म्हणजे शेपटीखाली. तिच्या नाकाडोळ्यांत जाऊ द्यायची नाही, तुमच्याही नाही. सात दिवसांनी परत, त्यानंतर सात दिवसांनी तिसऱ्यांदा. किडीच्या अंड्यांना औषध लागत नाही, म्हणून पिल्लं बाहेर पडली की पुन्हा गाठायची. औषध चालू आहे तोवर यांची अंडी खायची नाहीत. आणि खुराडं मुळापासून साफ करा."

"आणि हिचं काय?"

डॉक्टरीणबाईंनी लंगडीचा तुरा बोटांत धरला. "हिच्या अंगात रक्तच फारसं उरलेलं नाही. उबेत ठेवा. वेगळं, बाकीच्यांपासून लांब. बघू."

मामींनी जुन्या मलमलीची पुरचुंडी शिवली, तिच्यात पावडर भरली. नुसती हातानं टाकली तर उडत होती, पुरचुंडीनं थोपटली की पिसांच्या बुडापर्यंत जात होती. दोघंही नाकातोंडाला रुमाल बांधत, मग घड्याळवाले कोंबडी धरत, मामी थोपटत. पहिली मुकादमीण. ही सगळ्यांवर हुकूम गाजवायची म्हणून वन्संनी हे नाव ठेवलेलं. तिनं घड्याळवाल्यांच्या अंगठ्याला अशी चोच मारली की त्या अबोल माणसाच्या तोंडून मामींनी आयुष्यात न ऐकलेला शब्द निघाला. दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले आणि मग रुमालाआड हसत सुटले.

खुराड्याला मात्र चांगल्या उन्हाचा दिवस हवा होता. तो तीन दिवसांनी आला. सकाळीच मामींनी सगळं गवत ओढून काढून जाळलं, अंडी घालायच्या पेट्या बाहेर काढल्या, आणि पातेल्यामागून पातेलं उकळतं साबणपाणी फळ्यांच्या फटींत ओतलं. दांड्यांच्या सांध्यांत कीड ठासून बसली होती. तिथं ब्रश पोचेना. घड्याळवाल्यांनी आपली हत्यारांची गुंडाळी उलगडली. सुया, चिमटे, पिसाच्या टोकाएवढे बारीक पेचकस. खुराड्यासमोर स्टूल टाकून, डोळ्याला भिंग लावून, त्यांनी एकेक सांधा कोरून काढला आणि त्यात मेण भरलं.

"किती दिवसांनी बसतोय असा," ते मध्येच म्हणाले.   मामी पाणी उकळायला आत गेल्या तेव्हा दोन कप चहाही टाकला.

चार वाजता ऊन कलायला लागलं आणि खुराडं आतून अजून ओलं! ओल्या लाकडावर कोंबड्या बसवायच्या म्हणजे डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगणं मातीमोल. मामींनी घरातून वायर ओढली, केस वाळवायचं मशीन लावलं आणि गुडघ्यांवर बसून फळी न् फळी वाळवली. तेवढ्यात त्यांचं एक गिऱ्हाईक कोट न्यायला आलं. "मामी, खुराड्याला केशभूषा चाललीय का?" त्या बाईंनी विचारलं. "उद्या या," मामी आतूनच म्हणाल्या. "आज पार्लर भरलंय."

अंधार पडायच्या आत सहाजणी कोरड्या गवतावर गेल्या. मामींनी दोनदा मोजल्या.

सातवी शिवणाच्या खोलीत होती. होय, कापडांच्याच खोलीत! कारण घरात तीच सगळ्यांत उबदार. पावडर लावलेली लंगडी खोक्यात जुन्या अस्तराच्या चिंध्यांवर बसून असे. मामी मशीन चालवत आणि अधूनमधून उठून तिला बोटाच्या टोकावरून भिजवलेलं खाणं भरवत. दुसऱ्या दिवशी तिनं चार घास घेतले. तिसऱ्या दिवशी दोन. पाचव्या दिवशी दुपारी मामी एका झग्याला किनार लावत होत्या, तेव्हा मशीन थांबल्यावर त्यांना खोली जरा जास्तच शांत वाटली.

मामी रडल्या. कोंबडीसाठी आपण रडतोय याचं त्यांना नवल वाटलं, पण रडणं काही थांबलं नाही.

तोवर फोनवर त्यांनी वन्संना यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. "मजेत आहेत तुमच्या लेकी," असंच दडपून सांगायचं चाललं होतं. आता मात्र जीभ रेटेना. संध्याकाळी मामांनी फोन वन्संच्या हातात दिला तेव्हा मामींनी सगळं सांगून टाकलं. कीड, पावडर, खुराडं आणि शेवटी लंगडी.



"मला माहीत होतं गं," वन्सं म्हणाल्या. "कीड झालीय ते. पडायच्या आदल्या दिवशीच लंगडीच्या शेपटीखाली बघितलं होतं मी. निघताना सांगणार होते. पण वाटलं, सांगितलं तर तू हात झटकशील. दाणेसुद्धा टाकणार नाहीस. म्हणून गप्प बसले. माझ्यामुळं गेली ती."

मामींना राग यायला हवा होता. इतके दिवस कोपरापर्यंत खाजवलं होतं त्यांनी! पण गाडीत उघडलेलं आणि मिटलेलं ते तोंड त्यांना आठवलं, आणि त्यांनी स्वतःशीच प्रामाणिकपणे विचार केला.

"झटकलेच असते वन्सं," त्या म्हणाल्या. "दोन्ही हात झटकले असते."

पलीकडे वन्सं रडता रडता हसल्या. इकडे मामीही. चार वर्षं दोघी एका घरात राहत होत्या, पण इतकं खरं त्या एकमेकींशी पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

तिसऱ्या पावडरीच्या दिवशीच वन्सं घरी आल्या. वॉकरचा आधार घेत, एकेक पाऊल मोजत. परसाच्या पायरीवर मामींनी गोणपाट खिळवून टाकलं होतं आणि खाली खुर्ची मांडली होती. भिंतीकडेला लंगडीला पुरलं होतं, तिथं वन्सं जरा थांबल्या. मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आण एकेक. मी धरते."

घड्याळवालेही आले होते. आज त्यांच्याकडे धरायचं काम नव्हतं, म्हणून तपासणीस झाले. वन्संच्या मांडीवर कोंबडी उताणी, मामींच्या हातात पुरचुंडी, आणि घड्याळवाले वाकून पिसांची मुळं बघत. मुकादमीण स्वच्छ. ठिपकी स्वच्छ. तिसरी, चौथी स्वच्छ. तुरे पुन्हा लाल दिसायला लागले होते.

"आजची पावडर तरीही लावायची," मामींनी बजावलं. "डॉक्टरीणबाईंनी तीन सांगितल्यात. तीन म्हणजे तीन."

वन्संनी मान वर केली. नाकातोंडाला रुमाल, केसांना फडकं, बाह्यांना रबर लावलेली ही आपली भावजय त्या पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या बघत राहिल्या.

त्यांच्या घरात आभार मानायची पद्धत नव्हती. आभार परक्यांचे मानायचे. डॉक्टरांचे, दारात पत्र आणून देणाऱ्याचे. घरच्यांना काय म्हणायचं, हे कुणी कुणाला शिकवलंच नव्हतं. वन्संनी पाचवीच्या पाठीवरून हात फिरवला. 

"बरं झालं गं तू होतीस," त्या म्हणाल्या. मग घड्याळवाल्यांकडे वळून, "आणि तुम्हीही. तुमचं तर काही नातंसुद्धा नव्हतं."

घड्याळवाले भिंग पुसायला लागले. चांगला मिनिटभर पुसत होते.

"हात रिकामे होते," ते म्हणाले. "बरं वाटलं."

 मामींनी सहावी कोंबडी उचलली आणि वन्संच्या मांडीवर अलगद ठेवली.