काउंटरखालचं मशीन

छोट्याने काउंटरखाली वाकून कॉम्प्युटरचा डबा बाहेर ओढला. गुडघ्याने कुरकुर केली, आणि ताईने वरून विचारलं की स्टूल देऊ का. तो नको म्हणाला. पन्नाशी उलटून दोन वर्षं झाली होती, पाणीपुरवठा खात्यात त्याच्या हाताखाली सहा माणसं नकाशे काढत होती, पण या दुकानात पाऊल टाकलं की तो छोट्याच व्हायचा. डब्यामागच्या वायरी त्याने एकेक करून चाचपल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या, तरी पुन्हा एकदा दाबून पाहिल्या. जे बोलायला आलो ते तोंडातून निघेपर्यंत हातांना काहीतरी काम हवं होतं.

दुकान चष्म्यांचं. ताईने आणि भावोजींनी मिळून थाटलेलं, आणि भावोजी गेल्यापासून ताई एकटीच चालवत असलेलं. म्हणजे अगदी एकटी नाही. मागे पडद्याआडच्या खोलीत एक बाई भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. तिला सगळे काचावाली म्हणत. यंत्राची घरघर थांबली की तिचं गुणगुणणं ऐकू यायचं, आणि तिचं लक्ष नेमकं कुठे असतं ते कुणालाच सांगता आलं नसतं, कारण तिला सगळंच कळत असायचं.

छोट्याच्या खिशात दोन पेन ड्राइव्ह होते. एकात फिंचची नवीन आवृत्ती, दुसऱ्यात फिंच नसलेलं काहीतरी. घरातून निघताना त्याचं ठरलं होतं की फिंच आज इथून काढायचं. बसमध्ये बसल्यावर ते डळमळलं. उतरताना पुन्हा ठरलं. आता दुकानात तो खिशात हात घालून दोन्ही ड्राइव्ह एकमेकांवर घासत होता, आणि ताई त्याच्याकडे न बघता बघत होती.

अठरा वर्षांपूर्वी फिंचने त्याला झपाटलं होतं. फिंच हा लिनक्सचा, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचा, एक प्रकार. कॉम्प्युटरबरोबर दुकानातून जे काही येतं ते पुसून त्या जागी हा टाकायचा. फुकट मिळणारा, आणि चालवणाऱ्याच्या मर्जीने वागणारा. सुरू होताना पडद्यावर एक पिवळा पक्षी मान वळवून बघायचा, तेवढ्यानेसुद्धा छोट्याला भरून यायचं. त्याने सीड्या काढून वाटल्या. ऑफिसातल्या एकाच्या लग्नात भेट म्हणून सीडी दिली, आणि त्या जोडप्याने नंतर बरीच वर्षं त्याला घरी बोलावलं नाही. फिंचच्या फोरमवर त्याने चार हजारांवर लोकांच्या अडचणी सोडवल्या. आणि सगळ्यांत आधी, स्वतःच्या घरातल्याही आधी, ताईच्या दुकानातल्या मशीनवर फिंच टाकलं. गिऱ्हाइकांचे नंबर साठवायला एक छोटासा प्रोग्राम स्वतः लिहून दिला. तयार चष्म्याच्या डबीवर चिकटवायची लेबलंही त्यातूनच निघायची. ताईला तेव्हा त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की हे कधी अडणार नाही.

मग फिंच एका कंपनीने घेतलं. लगेच काही बिघडलं नाही. आधी पडद्याच्या खालची पट्टी गेली. वापरणाऱ्यांनी ओरडा केला तेव्हा कळवण्यात आलं की लोकांना ती नकोच होती. कुठल्या लोकांना, ते कुणी सांगितलं नाही. पुढे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या सीलबंद डब्यात यायला लागला, आणि साधा कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत छोट्याची तोंडी बेरीज उरकलेली असायची. अपडेट केव्हा घ्यायचं तेही फिंचच ठरवू लागलं. कमांड द्यावी तर उत्तराच्या आधी कंपनीच्याच कुठल्यातरी सेवेची जाहिरात. तक्रार नोंदवली तर तिच्याकडे कुणी फिरकायचं नाही, आणि दोन वर्षांनी आपोआप निरोप यायचा की काहीच हालचाल नसल्यामुळे तक्रार बंद केली आहे. हालचाल त्यांनीच करायची होती, हे त्या निरोपाला कोण सांगणार.

फोरमवरची जुनी मंडळी पांगली. कुणी लांबलचक पत्र लिहून गेलं, कुणी न सांगता. अशा प्रत्येक पत्राखाली छोट्याने फिंचची वकिली केली होती. धीर धरा, पुढच्या आवृत्तीत सुधारेल, असं तो इतक्या वेळा लिहून गेला की शेवटी ते वाक्य लिहिताना त्याला स्वतःचाच राग यायला लागला. गेल्या महिन्यात त्याने स्वतःचं निरोपाचं पत्र लिहून ठेवलं. पाठवलं मात्र नव्हतं. आधी ताईला सांगायला हवं होतं.

कारण ताईचं एक देणं त्याच्या मनावर होतं. तीन वर्षांपूर्वी एका सोमवारी तिचा फोन आला होता, की लेबलं निघत नाहीत. छोट्या मीटिंगमध्ये होता. बाहेर येऊन त्याने अर्धा तास कमांड सांगितल्या, ताईने त्या लिहून घेतल्या, आणि तरीही लेबल निघेना, तेव्हा तो करवादला की तूच काहीतरी भलतं दाबलं असशील. ताई बरं म्हणाली आणि फोन ठेवला. आठवड्याभरात त्याला कळलं की चूक फिंचचीच होती, नवीन अपडेटने लेबलाचा प्रिंटर शेकडो लोकांकडे मुका केला होता. पुढच्या फेरीत त्याने गुपचूप दुरुस्ती केली. ताईजवळ मात्र त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मशीन टेबलावर ठेवून तो वायरी जोडत असताना एक म्हातारे गृहस्थ आत आले. त्यांना जुन्याच नंबरचा दुसरा चष्मा हवा होता. ताईने छोट्याकडे एक नजर टाकली आणि मागच्या खोलीच्या पडद्याकडे तोंड करून गृहस्थांचं नाव घेतलं. गुणगुणणं थांबलं. मिनिटभरात काचावाली चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांचे नंबर लिहून घेऊन आली, चिठ्ठी ताईच्या हातात दिली आणि छोट्याला हसून, बरं आहे ना भाऊ, असं विचारून आत गेली.

नंबर आले कुठून, हा प्रश्न छोट्याला गृहस्थ गेल्यावर पडला. टेबलावरचं मशीन तर अजून सुरूच झालं नव्हतं. बहुतेक वहीत लिहून ठेवत असतील, असं त्याने स्वतःला समजावलं आणि बटण दाबलं. पक्ष्याने मान वळवली. काही बदलण्याआधी मशीन मध्यंतरी कितीदा अडखळलं ते बघून घ्यायचं, ही त्याची सवय. एवढी वर्षं त्याने ते इथे बघितलं नव्हतं, कारण इथे सगळं नेहमी चालूच असायचं. आज बोलणं पुढे ढकलायला ते एक निमित्त होतं. मशीन कधी सुरू झालं आणि कधी बंद झालं त्याची, त्या दुरुस्तीच्या फेरीपासूनची नोंद त्याने पडद्यावर आणली.

सात ओळी आल्या. सगळ्यांत वरची आजची. तिच्याखालची सहा महिन्यांपूर्वीची, एक शनिवार, अकरा ते दोन. तिच्याखाली आणखी एक शनिवार. छोट्याने खिशातला फोन काढला, त्यातल्या तारखा पाहिल्या आणि फोन परत ठेवला. त्या सगळ्या त्याच्याच फेऱ्या होत्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये हे मशीन एकदाही सुरू झालं नव्हतं.

खात्री करायला त्याने गिऱ्हाइकांची यादी उघडली. लोकांच्या डोळ्यांचे नंबर आपण कशाला बघायचे, म्हणून ती त्याने आजवर कधी उघडली नव्हती. शेवटचं नाव एका बाईंचं होतं. तारीख त्या फोनच्या सोमवारची.

ताई शोकेसमधल्या फ्रेमा एकेक काढून पुसत होती. छोट्या खुर्ची फिरवून बसला, उठला, पुन्हा बसला.

"ताई, हे मशीन तू वापरत नाहीस."

तिचा हात थांबला नाही. "तुला कसं कळलं?"

"ते लिहून ठेवतं. कधी सुरू केलं, कधी बंद केलं."

"हे तू मला कधी बोलला नाहीस," ताई म्हणाली. तिच्या आवाजात ओशाळेपण होतं, आणि थोडी तक्रारही.

मग तिने सगळं सांगितलं, फ्रेमा पुसता पुसता. त्या दिवशी काउंटरवर पाच माणसं उभी होती. त्याने सांगितलेलं तिने डबीच्या पुठ्ठ्यावर लिहून तीनदा टाइप केलं होतं. संध्याकाळी काचावालीच्या जावेने ओळखीच्या दुकानातून एक साधा लॅपटॉप आणून दिला, तो आतल्या खोलीत ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. जुने सगळे नंबर दोघींनी बसून हाताने त्यात चढवले, त्यालाच दोन महिने गेले. छोट्याचा येतो म्हणून फोन आला की काचावाली या मशीनवरची चादर काढायची आणि पुसून ठेवायची.

"एकदा न कळवता आलास तर काय, अशी धास्ती असायची," ताई म्हणाली. "पण न कळवता तू कधी येत नाहीस."

आत घासायचं यंत्र सुरू झालं आणि लगेच बंद झालं. काचावालीला ऐकू येत नसावं.

छोट्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तीन वर्षं तो इथे येऊन एका बंद मशीनची सेवा करून जात होता, आणि या दोघी त्याच्यासाठी ते पुसून ठेवत होत्या. त्याला राग यायला हवा होता. तो आलाही, पण टिकला नाही.

"त्या दिवशी तू काही दाबलं नव्हतंस," तो म्हणाला. "चूक फिंचची होती. मला आठवड्याभरात कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटली."

ताईने मान हलवली. ते तिला तेव्हाच माहीत होतं, असं म्हणाली. पंधरा वर्षं ती रोज तेच एक बटण दाबत आली होती, त्याच दिवशी दुसरं कशाला दाबेल?

तेवढं झाल्यावर बाकीचं सोपं होतं. त्याने सांगून टाकलं की तो स्वतःच फिंच सोडतोय, पत्र लिहून तयार आहे, आता त्यात जीव रमत नाही. ताईने सगळं ऐकून घेतलं. तिला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. छोट्याला मोकळं वाटायला हवं होतं, आणि वाटत होतंही, पण एक गोष्ट अजून उलगडत नव्हती.

"पण मग हे ठेवलंस कशाला?" त्याने मशीनवर हात ठेवून विचारलं. "सांगितलं असतंस तर तेव्हाच घेऊन गेलो असतो. तुझी अडगळ तरी गेली असती."

"आणि मग तू कशासाठी आला असतास?"

गिऱ्हाइकाला नंबर विचारावा तितक्या साधेपणाने तिने विचारलं. भाऊ म्हणून आलो असतो, असं छोट्याला म्हणायचं होतं. पण कॉम्प्युटरला हात न लावता आपण ताईजवळ शेवटचे कधी बसलो होतो, ते त्याला आठवेना. भावोजी गेले तेव्हा तो चार दिवस ताईच्या घरी राहिला होता. तेव्हासुद्धा तिसऱ्या दिवशी दुपारी, घरात माणसं बसलेली असताना, तो किल्ली मागून दुकानात आला होता आणि फिंचची नवीन आवृत्ती टाकून गेला होता. ताईने तेव्हाही किल्ली मुकाट्याने दिली होती. हे आठवल्यावर त्याला तिच्याकडे बघवेना.

तो मशीनकडे वळला. पुसायचं काही नसताना त्याने कीबोर्ड बाहीने पुसला. मग खिशातून हाताला लागला तो पेन ड्राइव्ह काढला आणि मशीनला लावला.

"आता काय करतोस?" ताईने विचारलं.

"नवीन टाकतोय."

"कुणासाठी?"

छोट्याने मशीनवरची नजर काढली नाही. पडद्यावर टक्के सरकायला लागले होते.

"हे नवीन जरा नाजूक आहे," तो म्हणाला. "सहा सहा महिने सोडून चालायचं नाही. दर महिन्याला येऊन बघावं लागेल."

ताईने हातातली फ्रेम उजेडाकडे धरली, दोन्ही बाजूंनी तपासली आणि जागेवर ठेवली.

"मग शनिवारी नको, शनिवारी गिऱ्हाईक असतं," ती म्हणाली. "रविवारी येत जा. रविवारी दुकान बंद असतं."