हिरव्या तबकडीचं घड्याळ

लेकीने मावशींना सकाळपासून एकच अट घातली होती: आज घड्याळांचा विषय काढायचा नाही. जेवणाच्या टेबलावरची भिंगं, चिमटे, रबरी फुंकणी, काचांच्या डब्या असा सगळा संसार आतल्या खोलीत गेला पाहिजे आणि पाहुणे जाईपर्यंत तिथंच राहिला पाहिजे.

"मी काय लहान आहे का?" मावशी म्हणाल्या.

"बाबांना तपासायला डॉक्टर आले होते, तेव्हा तू त्यांचंच घड्याळ उघडून बसलीस. बाबा ताप अंगावर घेऊन वाट बघत होते."

मावशींनी भिंगं डबीत भरायला घेतली. आसपासच्या चारही गल्ल्यांत त्यांना घड्याळमावशी म्हणत. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवण्यात उभी नोकरी सरली, निवृत्त झाल्या, आणि हातांना रिकामं बसवेना. मग जुन्या घड्याळांचा नाद लागला. आतल्या चक्रांच्या वाटेला त्या जात नसत. तडा गेलेली, चरे पडलेली काच काढायची, नवी बसवायची, आणि काचेला धरून ठेवणारं कडं, म्हणजे बेझल, पुन्हा जागच्या जागी दाबायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्यात त्या जेवणखाण विसरत. नवरा म्हणे, काच निघेल म्हणून आमच्या घरी भात चावून नाही, चाचपून खावा लागतो.

तर टेबल रिकामं झालं, त्यावर स्वच्छ कापड आलं आणि दुपार कलता कलता पाहुणेही आले. पाहुणे दोनच. लेकीने पसंत केलेला मुलगा आणि त्याचे वडील. वडील निवृत्त ग्रंथपाल. आयुष्यभर लोकांना गप्प बसवता बसवता स्वतःच गप्प झालेले गृहस्थ. बायको गेल्यापासून तर तेवढंही बोलत नसत. मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबा नाही म्हणणार नाहीत. पण मनातून पटलं नाही तर लवकर उठतील." लेकीला नुसता होकार नको होता, तो त्यांनी मनापासून द्यायला हवा होता. आईवेगळ्या घरात तिला नावडती होऊन जायचं नव्हतं.

ग्रंथपाल खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. मावशींच्या नवऱ्याने हवापाण्यापासून सुरुवात करून गुडघेदुखीपर्यंत सगळे विषय लावून पाहिले. ग्रंथपालांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "किती वाजले?"

नवऱ्याने वेळ सांगितली. गुडघेदुखी आणखी थोडी पुढे गेली. ग्रंथपालांनी पुन्हा विचारलं, "किती वाजले असतील?"

लेकीचा चेहरा पडला. मुलगा चमच्याशी खेळू लागला. तिसऱ्यांदा तेच विचारलं गेलं तेव्हा नवरासुद्धा बोलायचा थांबला, आणि तो थांबला म्हणजे घरात काहीतरी गंभीर घडतंय असं समजावं.

मावशी मात्र वेगळ्याच गोष्टीकडे बघत होत्या. विचारण्याआधी दर वेळी ग्रंथपाल स्वतःच्या मनगटाकडे बघत. मनगटावर घड्याळ होतं. गोल, जुनं, सुरेख, आणि त्यावरची प्लॅस्टिकची काच जुन्या तेलासारखी पिवळी पडलेली, वर तड्यांचं जाळं. यांना जायची घाई नाही, मावशींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, यांना काटेच दिसत नाहीयेत.

त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले. लेकीकडे पाहिलं. मग जीभच निसटली.

"ती काच बदलली की दिसेल हो तुम्हाला."

लेकीने डोळे मिटून घेतले.

"दुकानदार ठेवून जा म्हणतात," ग्रंथपाल म्हणाले आणि बाही खाली ओढली. "मी ठेवत नाही."

"आईने दिलंय," मुलगा हळूच म्हणाला. "ते काढतच नाहीत."

"ठेवून कुठं जायचंय? इथंच, या टेबलावर, तुमच्या डोळ्यांदेखत करते. वाटलं तर पट्टा तुम्ही धरून बसा."

ग्रंथपालांनी मावशींच्या हातांकडे पाहिलं. मग पट्टा सोडला. "जपून. हिरवी तबकडी आहे, आता अशी मिळत नाही."

"आई निळी म्हणायची," मुलगा म्हणाला.

"हिरवी."

"मला कळायला लागल्यापासून आमच्या घरी हे भांडण आहे," मुलाने लेकीला सांगितलं.

आतला संसार पुन्हा बाहेर आला. मावशींनी भिंग डोळ्याला लावलं आणि कड्याखालची बारीक खाच शोधली. एरवी हे काम त्या पारदर्शक पिशवीत हात घालून करत, कारण घट्ट बसलेलं कडं सुटताना कुठं उडेल याचा नेम नसतो. पण पाहुण्यांसमोर पिशवीत हात घालून बसायचं म्हणजे भाजी निवडल्यासारखं दिसेल, असं त्यांना वाटलं. नेमकं आजच वाटलं. बारीक सुरीचं पातं खाचेत सरकवलं, मनगट जरा वळवलं, टक् असा आवाज झाला आणि कडं गेलं. कुठं गेलं ते कुणालाच दिसलं नाही.

मावशींनी आधी सैल झालेल्या काचेसकट घड्याळावर पेला उपडा घातला आणि मग म्हणाल्या, "कुणी हलू नका." लेकीकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती.

"पंखा बंद करा," ग्रंथपाल म्हणाले. ते उठून उभे राहिले. आवाज बदलला होता. "असं कुठंही शोधायचं नाही. खोलीचे भाग करू. मुली, खिडकीकडचा भाग तुझा. तू दाराकडे. तुम्ही कपाटाखाली. टेबलाखाली मी. आपला भाग संपल्याशिवाय दुसऱ्याच्या भागात जायचं नाही."

चाळीस वर्षं हरवलेली पुस्तकं शोधणारा माणूस गुडघ्यांवर बसला आणि टेबलाखाली शिरला. त्याच्यामागोमाग सगळं घर रांगू लागलं. कपाटाखाली नवऱ्याला स्वतःचा चष्मा सापडला, ज्याच्यासाठी त्याने बायकोशी अबोला धरला होता. लेकीला एक काच सापडली, मग दुसरी. "एखादी भातात निघण्याआधी बरं झालं," नवरा कपाटाखालून म्हणाला, आणि टेबलाखालून कुणीतरी खुदकन हसलं. मुलाने दचकून लेकीकडे पाहिलं. ते हसू त्याने फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

कडं मात्र नव्हतं. सगळे भाग संपले. ग्रंथपाल टेबलाखालून बाहेर आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि त्यांच्या विजारीच्या दुमडलेल्या काठातून काहीतरी फरशीवर पडून खणखणलं.

सगळे त्या चकाकत्या कड्याकडे बघत राहिले.

"सगळी खोली तपासली," ग्रंथपाल म्हणाले. "एक मीच राहिलो होतो."

मावशींचा जीव भांड्यात पडला. नवरा फरशीवर बसूनच हसत होता, लेक भिंतीला टेकून हसत होती. पुढचं काम मावशींनी निमूट पिशवीत हात घालून केलं आणि कुणी भाजीचं नावही काढलं नाही. मापाची काच शोधून ठेवली, फुंकणीने धूळ उडवली आणि चिमट्याने जुनी पिवळी काच अलगद उचलली.

सगळे टेबलावर वाकले.

खाली तबकडी होती ती निळी. स्वच्छ, गडद, शाईसारखी निळी.

"पिवळ्या काचेतून निळं हिरवं दिसतं," मावशी हळूच म्हणाल्या. त्यांना उगीच अपराधी वाटलं. "काच इतकी हळूहळू पिवळी पडते, की रोज बघणाऱ्याला कळत नाही."

ग्रंथपालांनी तबकडीवरची नजर काढली नाही. "मी मनगट पुढे करायचो. म्हणायचो, बघ, तुझ्या डोळ्यांनी बघ. ती बघायची आणि म्हणायची, असू दे, मी निळंच घेतलं होतं." आणि ते हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले. "काय जिद्दीची बाई. जाऊनसुद्धा जिंकली."

मावशींनी डोळे पुसले, मग ओले हात पुसले आणि नवी काच बसवली. कापड घेऊन दोन्ही अंगठ्यांनी कडं सारखं दाबलं. कट् असा आवाज आला. हा आवाज त्यांना जगातल्या कुठल्याही गाण्याहून गोड वाटे, आणि आज तर फारच.

ग्रंथपालांनी घड्याळ मनगटावर चढवलं. लेक पुढे आली. "उशीर होतोय का तुम्हाला?" तिने भीत भीत विचारलं.

त्यांनी मनगटाकडे पाहिलं, आणि या वेळी कुणाला विचारलं नाही. "आत्ताशी सहा वाजतायत. जेवूनच जाऊ. काय, विहीणबाई?"

विहीणबाईंनी टेबलावरची भिंगं भराभर गोळा केली. ग्रंथपाल खुर्चीत ऐसपैस मागे टेकून बसले आणि मुलाकडे वळले.

"आणि तू नीट ऐकून ठेव. ही निळं म्हणाली, की निळं."